देवळालीचे कापरेकर सर

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणूला झाला. १९३० ते १९६२ पर्यंत ते नाशिकजवळ देवळालीत शिक्षक होते. पदवी फक्त बी.एस्सी., म्हणून काही गणिती त्यांच्या कामाला हसत. सरांनी संख्यांचा नाद सोडला नाही. आपल्याच अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्येला त्यांनी ‘हर्षद’ म्हटले. त्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेली ६१७४ घ्या. अंकांची बेरीज १८, म्हणून ९ ने भाग जातो. शेवटी ४, म्हणून २ ने. म्हणजेच १८ ने जातो. भागाकार मांडायलाच नको! १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेत त्यांच्यावर लिहिले आणि जगाने दखल घेतली. १९८६ मध्ये सर गेले.

आम्हा कॅडेटांना देवळाली तोफखान्यामुळे माहीत. मला आता सरांमुळेही. माझा कॅडेट नंबर १७२८. त्याच कसोटीने तोही हर्षद! तुमचा तपासा.