एव्हरार्ड कॅल्थ्रॉप

एव्हरार्ड रिचर्ड कॅल्थ्रॉप (३ मार्च १८५७ – ३० मार्च १९२७) हे ब्रिटिश रेल्वे अभियंता व संशोधक होते. १८८२ साली ते ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या सेवेत भारतात आले. १८९७ साली सुरू झालेली अडीच फुटी बार्शी लाइट रेल्वे ही त्यांचीच निर्मिती होय. १९०७ साली खुल्या झालेल्या नेरळ–माथेरान या दोन फुटी घाटमार्गावरील तीव्र वळणांसाठी त्यांनी लवचीक आसांच्या वाफेच्या इंजिनांचा आराखडा तयार केला. ही इंजिने ओरेनस्टाइन अँड कॉपेल या जर्मन कंपनीने बांधली.

१९१० साली त्यांचे मित्र चार्ल्स रोल्स विमान अपघातात मृत्युमुखी पडले. त्यानंतर कॅल्थ्रॉप हवाई छत्रीच्या संशोधनाकडे वळले. त्यांची ‘गार्डियन एंजल’ ही छत्री पहिल्या महायुद्धात शत्रुप्रदेशात हेर उतरवण्यासाठी वापरली गेली. विमानांतून लढणाऱ्या ब्रिटिश वैमानिकांना मात्र युद्ध संपेपर्यंत ती नियमितपणे दिली गेली नाही.