चिंबोराझोवरची विरळ हवा

समुद्रसपाटीवर राहणारा माणूस एकदम साडेतीन हजार मीटर उंचीवर गेला, की पहिल्याच रात्री त्याचे डोके ठणकू लागते, मळमळते, जेवण जात नाही आणि झोपही लागत नाही. विमानाने थेट लेहला जाणाऱ्या अनेकांना हा अनुभव येतो. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतात या त्रासाला सोरोचे म्हणतात आणि तिथल्या लोकांना तो फार पूर्वीपासून ठाऊक आहे. सोबत उपकरणे घेऊन पर्वत चढणाऱ्या आणि हा त्रास स्वतःच्या शरीरावर सोसत त्याची नोंद करणाऱ्या सुरुवातीच्या शास्त्रज्ञांमध्ये अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट यांचे नाव ठळकपणे घ्यावे लागते. आजच्या इक्वेडोरमध्ये १८०२ साली त्यांनी काढलेले काही महिने त्या दृष्टीने फार मोलाचे ठरले.

हम्बोल्ट यांचा जन्म १४ सप्टेंबर १७६९ रोजी बर्लिनमध्ये एका सधन घरात झाला. ते नऊ वर्षांचे असताना वडील गेले. मुलाने सरकारी नोकरी करावी अशी आईची इच्छा होती. त्यानुसार फ्रायबर्गच्या खाणविद्येच्या अकादमीत शिकून ते प्रशियाच्या खाण खात्यात रुजू झाले. खाणीच्या तळाशी साचलेल्या दूषित हवेने मजूर गुदमरतात, दिवे विझतात, हे त्यांनी रोज पाहिले. खाण कामगारांसाठी त्यांनी मोफत शाळा काढली, श्वास घेण्यासाठी मुखवटा तयार केला आणि खराब हवेतही जळत राहील असा दिवा बनवला. या दिव्याची चाचणी घेताना ते स्वतःच खाणीत बेशुद्ध पडले आणि सहकाऱ्यांनी त्यांना ओढून बाहेर काढले. प्रयोगासाठी स्वतःचे शरीर वापरण्याची त्यांची सवय तेव्हापासूनची. स्नायूंवर विजेचा काय परिणाम होतो हे पाहण्यासाठी त्यांनी स्वतःच्या पाठीवर जखमा करून घेऊन त्यांना धातू लावून पाहिले होते.

१७९६ मध्ये आईचे निधन झाले आणि मोठी वारसासंपत्ती हातात आली. हम्बोल्ट यांनी नोकरी सोडली. स्पेनच्या राजाकडून दक्षिण अमेरिकेतील वसाहतींत फिरण्याची परवानगी मिळवून ५ जून १७९९ रोजी त्यांनी समुद्रप्रवास सुरू केला. सोबत होते एमे बॉनप्लाँ. हे फ्रेंच गृहस्थ वैद्यक शिकलेले आणि वनस्पतिशास्त्राचे जाणकार होते. सामानात हवेचा दाब, तापमान, आर्द्रता, अगदी आकाशाचा निळेपणासुद्धा मोजणारी चाळीसहून अधिक उपकरणे होती. जहाजावर तापाची साथ पसरल्याने क्युबाऐवजी त्यांना व्हेनेझुएलातील कुमाना बंदरात उतरावे लागले. पुढचे वर्षभर ते व्हेनेझुएलातच राहिले. ओरिनोको नदीतून होडीने जाताना डासांनी त्यांना हैराण केले. तिथले आदिवासी बाणांच्या टोकांना लावतात ते क्युरारे हे विष हम्बोल्ट यांनी चाखूनही पाहिले. ते रक्तात गेले तरच मारक ठरते, पोटात गेल्यास नाही, हे त्यांना कळले होते. या प्रवासाच्या शेवटी दोघांनाही तापाने गाठले. बॉनप्लाँ तर मरता मरता वाचले.

क्युबाला जाऊन आल्यावर ते कार्ताहेना बंदरातून मॅग्दालेना नदीमार्गे बोगोटाला आणि तिथून अँडीजच्या डोंगरवाटांनी जानेवारी १८०२ मध्ये क्विटोला पोहोचले. आजच्या इक्वेडोरची ही राजधानी तेव्हा स्पेनच्या ताब्यात होती. हे शहर सुमारे २,८५० मीटर उंचीवर वसलेले आहे. हम्बोल्ट इथे पाच-सहा महिने राहिले आणि भोवतालच्या ज्वालामुखींवर चढत राहिले. पिचिंचावर ते एकाहून अधिक वेळा गेले. मार्चमध्ये अँटिसानाच्या उतारांवर ते पाच हजार मीटरच्या वर पोहोचले. कोटोपॅक्सीचे शिखर मात्र त्यांना साधले नाही. प्रत्येक चढाईत दाबमापक उघडायचा, तापमान टिपायचे, वनस्पती गोळा करायच्या, असा त्यांचा क्रम असे. हे करता करता त्यांचे शरीर कमी ऑक्सिजनला सरावत होते. या सरावाचे महत्त्व आज आपल्याला कळते.

२३ जून १८०२ रोजी ते चिंबोराझोवर चढू लागले. सुमारे ६,२६० मीटर उंचीचा हा बर्फाच्छादित ज्वालामुखी त्या काळी जगातला सर्वांत उंच पर्वत मानला जाई. बॉनप्लाँ आणि क्विटोचे तरुण कार्लोस मोन्तुफार सोबत होते. बर्फाची रेषा आली तसे हमाल मागे फिरले, फक्त एक स्थानिक माणूस बरोबर राहिला. पुढची वाट एका अरुंद धारेवरून होती. काही ठिकाणी ती जेमतेम वीतभर रुंद होती. एका बाजूला गोठलेल्या बर्फाचा उतार, दुसऱ्या बाजूला दरी आणि भोवती दाट धुके होते. थंडीने बोटे बधिर झाली, तरी थोड्या थोड्या अंतराने दाबमापकाची नोंद घेणे चालूच होते. सगळ्यांना मळमळू लागले, चक्कर येऊ लागली, डोळे लाल झाले, ओठ आणि हिरड्यांतून रक्त येऊ लागले. मध्येच धुके विरले आणि शिखर जवळच दिसले. पण पुढे वाट अडवणारी एक खोल, रुंद दरी होती. ती ओलांडणे अशक्य होते. हम्बोल्ट यांनी शेवटची मोजणी केली आणि सगळे मागे फिरले. उतरताना त्यांना गारा आणि बर्फाने झोडपले. त्यांच्या हिशेबाप्रमाणे ते ५,८०० मीटरच्या पुढे पोहोचले होते. एवढ्या उंचीवर चढल्याची नोंद तोवर कोणाच्याही नावावर नव्हती. पुढची सुमारे तीस वर्षे हा विक्रम टिकला.

शिखर राहून गेले, पण ती चढाई वाया गेली नाही. पायथ्याच्या उष्ण प्रदेशातील ताड आणि बांबू, वरची जंगले, त्यानंतर झुडपे, मग गवत आणि अखेर खडकाला चिकटलेले दगडफूल हा क्रम हम्बोल्ट यांनी प्रत्यक्ष पाहिला होता. युरोपातील आल्प्सच्या उतारांवर आढळणाऱ्या क्रमाशी तो जुळत होता. उंची वाढली की हवामान बदलते आणि त्याबरोबर सजीवही बदलतात, हा नियम त्यांनी एका मोठ्या चित्रात मांडला. चिंबोराझोच्या छेदावर वनस्पतींची नावे आणि दोन्ही बाजूंना दाब, तापमान, आर्द्रता, पाणी उकळण्याचे तापमान असे रकाने, असे हे चित्र १८०७ मध्ये प्रसिद्ध झाले. आजच्या परिसरविज्ञानाचा तो पाया मानला जातो.

चिंबोराझोहून दक्षिणेला लोहा भागात त्यांनी सिंकोनाची जंगले पाहिली. तापावर गुणकारी ठरलेली या झाडाची साल काढण्यासाठी बेसुमार तोड चालली होती. हम्बोल्ट यांनी तिचीही नोंद केली. पुढे १८२० मध्ये याच सालीतून क्विनाइन वेगळे करण्यात आले आणि १८६० च्या दशकात सिंकोनाची लागवड निलगिरीत सुरू झाली.

१८०४ मध्ये हम्बोल्ट युरोपला परतले. त्यानंतर पॅरिसमध्ये गे-ल्युसॅक यांच्यासोबत त्यांनी हवेचे पृथक्करण केले. हवेत ऑक्सिजनचे प्रमाण सुमारे २१ टक्के असते, हे त्यांच्या मोजणीतून स्पष्ट झाले. उंचीवरही हे प्रमाण तेवढेच राहते, पण हवेचा दाब घटतो. चिंबोराझोवर ते जिथून परतले, तिथे दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो. त्यामुळे प्रत्येक श्वासात ऑक्सिजनही जवळपास निम्माच मिळतो. शरीराचा त्रास या कमी ऑक्सिजनमुळे होतो, हे फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ पॉल बेर यांनी १८७८ मध्ये प्रयोगांनी दाखवले. तोपर्यंत हम्बोल्ट हयात नव्हते. ६ मे १८५९ रोजी, वयाच्या ८९ व्या वर्षी बर्लिनमध्ये त्यांचे निधन झाले होते.

चिंबोराझोचे शिखर १८८० मध्ये एडवर्ड व्हिंपर यांनी गाठले. आल्प्समध्ये मुरलेले हे गिर्यारोहक आणि त्यांचे सोबती पाच हजार मीटरवरच्या तळावर पोहोचताच डोकेदुखीने आणि तापाने आडवे झाले होते. काही दिवस तिथेच काढल्यावर त्यांची प्रकृती सावरली आणि मगच त्यांना पुढे जाता आले.

हिमालय पाहण्याची हम्बोल्ट यांची फार इच्छा होती. अँडीज आणि हिमालय यांची तुलना त्यांना करायची होती. त्यासाठी त्यांनी लंडनला खेपा घातल्या, पण ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना भारतात येण्याची परवानगी कधीच दिली नाही. आज तोच हिमालय आपल्याला सुट्टीत गाठता येतो. मात्र शरीराचा नियम बदललेला नाही. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची रोज पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे, असे डॉक्टर सांगतात. डोकेदुखी, मळमळ सुरू झाली तर बरे वाटेपर्यंत आणखी वर जाऊ नये. बसल्या जागी धाप लागली, तोल जाऊ लागला किंवा बोलण्यात गोंधळ होऊ लागला, तर फुप्फुसात किंवा मेंदूत सूज आल्याची ती खूण असू शकते. अशा वेळी सकाळची वाट न पाहता लगेच खाली उतरावे आणि वैद्यकीय मदत घ्यावी. शिखर समोर दिसत असले तरीही.