लक्ष्मीबाई टिळक : उशिरा उमगलेले दान

कृपादानांचा विषय निघाला की आमच्या मंडळ्यांतून बहुधा उपदेशकांची आणि गाणाऱ्यांची नावे पुढे येतात. स्वयंपाकघराकडे कोणी वळून पाहत नाही. पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिताना साहाय्य करण्याचे दानही गणले आहे, पण ते वाचून आम्ही पुढे जातो. म्हणून शब्बाथ शाळेच्या शिक्षकांपुढे या खेपेस एका गृहिणीचे चरित्र ठेवीत आहोत.

नाशिकजवळच्या जलालपूरला १८६८ साली जन्मलेली गोखल्यांची मनकर्णिका अकराव्या वर्षाच्या सुमारास नारायण वामन टिळकांशी लग्न होऊन लक्ष्मीबाई झाली. माहेरी सोवळ्याओवळ्याचा कडक अंमल. शिक्षणाचे नाव नाही. अक्षरओळख टिळकांनी करून दिली, तीही लहर लागेल तेव्हा. जोडाक्षरांशी बाईंचे कधीच नीट जमले नाही.

१८९५ साली टिळकांचा बाप्तिस्मा झाला. बाई त्यांच्याबरोबर गेल्या नाहीत. मुलाला घेऊन चारपाच वर्षे नातलगांत काढली, मग पतीकडे परत आल्या. आल्या त्या सोवळे सांभाळूनच! पतीच्या भिडेखातर त्यांनी काही सोडले नाही. जात माणसाने केली हे स्वतःला पटले, तेव्हा सोडले, आणि १९०० साली स्वतःच्या निश्चयाने बाप्तिस्मा घेतला.

नगरचे त्यांचे घर म्हणजे धर्मशाळाच. टिळकांच्या हाती पैसा टिकत नसे. गरजवंत दिसला की दिला. घरी मात्र पाहुणे, विद्यार्थी, पोरकी मुले. कवी बालकवीही तेथे राहून गेले. या सर्वांच्या पानात काय वाढायचे, ही चिंता बाईंची. आम्हांला वाटते, माणसे पारखण्याचे, दुःखातही हसण्याचे त्यांचे दान याच चुलीपाशी तयार झाले. त्याला तेव्हा कोणी दान म्हटले नसेल, त्यांनी स्वतः तर नाहीच.

१९१९ च्या मे महिन्यात टिळक वारले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ जेमतेम दहाअकरा अध्यायांवर थांबले होते. पन्नाशी ओलांडलेल्या, शाळा न पाहिलेल्या या विधवेने ते हाती घेतले. ग्रंथाचा बहुतेक भाग त्यांचा आहे. पंडितांना विचारले असते तर त्यांनी हे काम बाईंकडे दिले असते काय, याची आम्हांला शंकाच आहे.

पुढे मुलगा देवदत्त याला वडिलांचे चरित्र लिहायचे होते. त्याने आईला आठवणी लिहून मागितल्या. बाईंनी बोलतात तसे लिहिले; नवऱ्याचा रागीटपणा झाकला नाही, स्वतःची फजितीही नाही. ‘संजीवनी’ पत्रातून ते प्रसिद्ध होऊ लागले आणि १९३४ साली ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग पुस्तकरूपाने निघाला. मराठीतल्या उत्तम आत्मचरित्रांत त्याची गणना होते, आणि ख्रिस्ती नसलेल्या घरांतही ते प्रेमाने वाचले जाते. इतकी वर्षे आईच्या बोलण्यात असलेले हे कागदावर आले, ते कोणी मागितले म्हणून.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकला बाईंचे निधन झाले. आठवणी अजून लिहून संपल्या नव्हत्या.