तळं राखणारी बाई

कॉन्व्हेंटमध्ये तिसरीत असताना लायब्ररीच्या तासाला मला एक छोटंसं पुस्तक मिळालं होतं. अगदी तळहातावर मावेल एवढं. त्यात जेरेमी फिशर नावाचा एक बेडूक कमळाच्या पानाची होडी करून मासे पकडायला जातो आणि एक भला मोठा ट्राउट मासा त्यालाच गिळतो. पण बेडकाने रेनकोट घातलेला असतो. रेनकोटची चव माशाला आवडत नाही, म्हणून तो बेडकाला चक्क थुंकून टाकतो! बाकीच्यांनी लहानपणी बैलाएवढा फुगणारा बेडूक वाचला असेल, माझा बेडूक हा असा रेनकोटवाला.

मग इंजिनीअरिंगला आले आणि बेडूक विसरले. मागच्या सेमिस्टरला लहान धरणांवर सेमिनार द्यायचा होता. (विषय सरांनी दिला, मी मागितला नव्हता!) फोटो शोधताना इंग्लंडच्या वायव्येकडच्या लेक डिस्ट्रिक्टमधलं 'टार्न हाऊज' नावाचं एक तळं दिसलं. चारी बाजूंना डोंगर, मध्ये निळं पाणी, काठावर झाडी. निसर्गाने स्वतःच्या हाताने काढलेलं चित्रच वाटतं. पण ते पूर्णपणे निसर्गाचं नाही. तिथे आधी छोटी छोटी तीन तळी होती. जेम्स मार्शल नावाच्या जमीनदाराने एकोणिसाव्या शतकात बांध घालून त्यांचं एक तळं केलं. पुढे वाचत गेले तर नंतरच्या मालकिणीचं नाव होतं बीट्रिक्स पॉटर. म्हणजे माझ्या बेडकाची लेखिका! गोष्टी लिहिणाऱ्या बाईला तळं कशाला हवं होतं? सेमिनार संपला, पण हा प्रश्न डोक्यातून जाईना. म्हणून हा लेख.

बीट्रिक्सचा जन्म २८ जुलै १८६६ चा, लंडनमधल्या श्रीमंत घरातला. वडील बॅरिस्टर, पण वकिली करायची गरजच नाही, कारण घराण्याचा पैसा कापडगिरण्यांमधून आलेला. मुलीला शाळेत घातलंच नाही. शिकवायला बाई घरी यायच्या. मैत्रिणी जवळजवळ नाहीत. धाकटा भाऊ बर्ट्रम आणि ती, दोघांनी मिळून वरच्या मजल्यावरच्या खोलीत ससे, उंदीर, बेडूक, वटवाघळं असं छोटं प्राणिसंग्रहालयच भरवलं होतं. ती त्यांची चित्रं काढत बसायची. आणि एक डायरी लिहायची, तीही स्वतः शोधलेल्या सांकेतिक लिपीत. ती लिपी उलगडायला १९५८ साल उजाडावं लागलं!

१८८२ मध्ये, ती सोळा वर्षांची असताना, पॉटर कुटुंब उन्हाळ्यात विंडरमिअर सरोवराच्या काठी रे कॅसल नावाच्या वाड्यात राहायला गेलं. विंडरमिअर म्हणजे इंग्लंडमधलं सगळ्यांत मोठं नैसर्गिक सरोवर. लंडनच्या धुरातून आलेली ही मुलगी त्या पाण्याच्या प्रेमातच पडली. तिथे हार्डविक रॉन्स्ली नावाचे धर्मगुरू घरी येऊ लागले. सरोवरांच्या प्रदेशात जिथेतिथे रेल्वे घुसवायला त्यांचा कडवा विरोध होता. हेच रॉन्स्ली १८९५ मध्ये नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या तीन संस्थापकांपैकी एक झाले. चांगल्या जागा विकत घेऊन त्या सगळ्यांसाठी कायमच्या राखायच्या, हे संस्थेचं काम. बी तिथे पडलं असणार असं मला वाटतं.

पण त्याआधी तिला शास्त्रज्ञ व्हायचं होतं. अळंब्यांची तिने शेकडो चित्रं काढली, मायक्रोस्कोपखाली बीजाणू रुजवून पाहिले आणि त्यावर शोधनिबंध लिहिला. १ एप्रिल १८९७ ला लंडनच्या लिनिअन सोसायटीत तो मांडला गेला, पण दुसऱ्याच माणसाने मांडला. कारण बायकांना तिथल्या सभेला प्रवेशच नव्हता! आपल्या वायव्हाला आपल्याऐवजी दुसरं कोणीतरी गेलं तर कसं वाटेल, विचार करा. निबंध पुढे छापला गेला नाही.

मग तिने एका आजारी मुलाला पत्रातून लिहिलेली सशाची गोष्ट बाहेर काढली. प्रकाशकांनी नाकारली, तर १९०१ मध्ये स्वतःच्या पैशाने २५० प्रती छापल्या. दुसऱ्या वर्षी वॉर्न कंपनीने ती घेतली आणि 'पीटर रॅबिट' घराघरांत पोचला. वॉर्न कुटुंबातल्या नॉर्मनशी तिचं लग्न ठरलं. आईवडिलांचा विरोध, का तर मुलगा धंदेवाला! (घरचा पैसा गिरण्यांचा होता, हे ते विसरले असावेत.) पण महिन्याभरातच, ऑगस्ट १९०५ मध्ये, नॉर्मन आजारपणात गेला. त्याच वर्षी बीट्रिक्सने पुस्तकांच्या पैशातून हिल टॉप नावाचं ३४ एकरांचं शेत विकत घेतलं. गावाचं नाव निअर सॉरी. (हो, उच्चार असाच आहे!) गावाखाली एस्थवेट नावाचं सरोवर. रेनकोटवाला बेडूक १९०६ मध्ये पुस्तकात आला तो याच पाण्यावरून.

आता लेखातला मला सगळ्यात अडचणीचा भाग. २५ नोव्हेंबर १९११ ला विंडरमिअरच्या पाण्यावरून 'वॉटरबर्ड' नावाचं विमान उडालं आणि सुखरूप उतरलं. पाण्यावरून असं यशस्वी उड्डाण ब्रिटनमध्ये पहिल्यांदाच झालं होतं. काठावर विमानाचा कारखाना काढायचं चाललं होतं. आणि आमच्या बीट्रिक्सबाई याच्या विरोधात! आवाजाने घोडे बुजतात, होड्यांना धोका होतो, सरोवराची शांतता जाते, म्हणून तिने वर्तमानपत्रांना पत्रं लिहिली, सह्या गोळा केल्या. खरं सांगायचं तर हे वाचताना मी विमानाच्या बाजूने होते. लाकूड, कापड आणि तारांचं ते यंत्र पाण्यातून वर उचललं जात असेल तेव्हा काठावर उभं राहायला कोणाला आवडणार नाही? विमानं काही बंद झाली नाहीत. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ पासून, तिच्या डोळ्यांदेखत विंडरमिअरच्या काठी सुंदरलँड जातीची अवाढव्य समुद्री विमानं बनू लागली. युद्ध संपल्यावर तो कारखाना पाडला गेला, पण ते बघायला ती नव्हती.

मग ती यंत्रांच्या, बांधकामांच्या विरोधात होती का? इथे मी अडखळले. कारण १९१३ मध्ये, वयाच्या ४७ व्या वर्षी, तिने विल्यम हीलिस या गावाकडच्या वकिलाशी लग्न केलं आणि त्याच सुमारास निअर सॉरीच्या वरच्या डोंगरातलं मॉस एकल्स नावाचं छोटं तळं घेतलं. तेही माणसाने बांध घालून केलेलंच! दोघांनी त्यात मासे सोडले, लिली लावल्या. उन्हाळ्याच्या संध्याकाळी विल्यम गळ टाकून बसायचा आणि ती होडीत बसून चित्रं काढायची. म्हणजे बांधाशी तिचं भांडण नव्हतंच. बांधल्यानंतर त्या पाण्याकडे कोण बघणार, हा तिचा प्रश्न होता.

सिव्हिलवाल्यांनो, इथे नीट लक्ष द्या. तळं राखायचं म्हणजे नुसतं पाणी राखून भागत नाही, पाणलोट क्षेत्र राखावं लागतं. काठची आणि डोंगरातली शेतं तोट्यात गेली की प्लॉट पडतात, बंगले उठतात. तिला हा शब्द माहीत असेल नसेल, पण तिने नेमकं तेच धरलं. १९२३ मध्ये ट्राउटबेक पार्क हे खोऱ्याच्या टोकाचं प्रचंड शेत घेतलं. तिथला ओढा खाली विंडरमिअरला मिळतो. तिथे हर्डविक जातीच्या काटक मेंढ्या वाढवल्या. चिखलाचे बूट घालून ती स्वतः बाजारात मेंढ्या पारखायची. १९२७ मध्ये विंडरमिअरच्या काठचा कॉकशॉट पॉइंट हा तुकडा बांधकामापासून वाचवायला आपली ५० चित्रं सही करून अमेरिकेतल्या वाचकांना विकली. आणि १९३० मध्ये टार्न हाऊजसकट सुमारे ४००० एकरांची मंक कॉनिस्टन इस्टेट विक्रीला निघाली. नॅशनल ट्रस्टकडे पैसे तयार नव्हते. हिने सगळी विकत घेतली आणि ट्रस्टने पैसे जमवल्यावर अर्धी त्यांना घेतल्या भावाने देऊन टाकली. वर कित्येक वर्षं सगळ्या इस्टेटीचं व्यवस्थापन केलं, कुठलं कुंपण पडलं, कुठलं छप्पर गळतं ते बघत.

२२ डिसेंबर १९४३ ला ती गेली, तेव्हा चार हजार एकरांहून जास्त जमीन ट्रस्टच्या नावे ठेवली होती. अट एकच नव्हती, पण मला आवडलेली ही: डोंगरातल्या शेतांवर कळप हर्डविक मेंढ्यांचेच राहिले पाहिजेत.

आपल्याकडे म्हणतात, तळं राखील तो पाणी चाखील. या बाईने उलटंच केलं. तिची राख तिच्या मेंढपाळाने हिल टॉपच्या वर कुठेतरी डोंगरात टाकली. कुठे ते त्याने गुपितच ठेवलं. समाधी नाही की पुतळा नाही. टार्न हाऊजच्या काठाने मात्र आज कोणीही फिरू शकतं. मॉस एकल्सची पायवाट निअर सॉरीतूनच वर जाते.

मित्रांनो, बांध कसा घालायचा, सांडवा कुठे काढायचा, गाळ किती साचेल, हे सगळं आपल्याला शिकवतात आणि त्याचे मार्कही मिळतात. बांधून झाल्यावर पुढची पन्नास वर्षं तो राखायचा कसा, याचा पेपर अजून मी कुठल्याच सेमिस्टरला पाहिला नाही. कॅम्पसमधून बाहेर पडल्यावर आपल्यातले बरेच जण काहीतरी बांधणार आहोत. मीही. तेव्हा हा रेनकोटवाला बेडूक आठवला तर बरं होईल.

— तृतीय वर्ष (स्थापत्य)