कण्हेरीला शास्त्रीय नाव देणारे कार्ल लिनीअस

कण्हेर या एकाच नावाने आपल्याकडे दोन झुडपे ओळखली जातात. लांबट, चिवट पानांची व लाल, गुलाबी किंवा पांढऱ्या फुलांची कण्हेर वेगळी. आणि घंटेसारख्या पिवळ्या फुलांची पिवळी कण्हेर, म्हणजेच बिट्टी, वेगळी. दोन्ही जनावरांना विषारी आहेत. नेमके झुडूप कोणते हे दोन शब्दांच्या शास्त्रीय नावाने कळते. ही पद्धत रूढ करण्याचे श्रेय स्वीडनचे वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनीअस यांना जाते.

बालपण आणि शिक्षण

लिनीअस यांचा जन्म २३ मे १७०७ रोजी दक्षिण स्वीडनमधील रोशुल्ट या खेड्यात झाला. वडील धर्मोपदेशक होते आणि त्यांना बागेची आवड होती. त्यांनी मुलाला बागेतला एक लहान तुकडा लावायला दिला. मुलगा झाडांची नावे सतत विचारी आणि विसरून जाई. विसरलेले नाव पुन्हा सांगणार नाही, अशी तंबी वडिलांनी दिल्यावर तो नावे पाठ करू लागला. त्याने धर्मोपदेशक व्हावे ही घरच्यांची इच्छा होती. मात्र एका डॉक्टर शिक्षकाने त्याचा कल ओळखून त्याला वैद्यकाकडे वळवले. त्या काळी औषधे मुख्यतः वनस्पतींपासून बनत, त्यामुळे वैद्यकात झाडांची ओळख आवश्यकच होती.

गुरे का मरत होती?

१७३२ मध्ये, पंचविसाव्या वर्षी, लिनीअस उत्तरेकडील लॅपलंडच्या प्रवासाला निघाले. तॉर्निओ गावात लोकांनी त्यांना आपली अडचण सांगितली. हिवाळ्यानंतर गुरे कुरणात सोडली, की अनेक गुरे मरत. लिनीअस यांनी कुरण फिरून पाहिले. पाणथळ भागात त्यांना सिक्युटा विरोसा ही गाजर कुळातील अतिविषारी वनस्पती आढळली. हिवाळाभर सुक्या चाऱ्यावर काढलेली गुरे गवताबरोबर तीही खात होती. ही वनस्पती उपटून काढण्याचा सल्ला त्यांनी दिला.

दोन शब्दांचे नाव

१७३५ मध्ये नेदरलँड्समध्ये त्यांनी वैद्यकाची पदवी घेतली. तेथे जॉर्ज क्लिफर्ड या धनिकाच्या बागेत, काचगृहांमध्ये वाढवलेली उष्ण प्रदेशांतील झाडे त्यांनी अभ्यासली. १७४१ मध्ये ते उप्साला विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि तेथील मोडकळीस आलेली वनस्पती बाग त्यांनी पुन्हा उभी केली.

त्या काळी एका झाडाचे लॅटिन नाव म्हणजे अनेक शब्दांचे वर्णनच असे. लिनीअस यांनी १७५३ मध्ये 'स्पीशीज प्लँटारम' हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यात प्रत्येक वनस्पतीला दोन शब्दांचे नाव दिले. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. कण्हेरीचे नेरियम ओलिअँडर, जास्वंदीचे हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस आणि मेंदीचे लॉसोनिया इनर्मिस ही नावे या ग्रंथातलीच.

लिनीअस भारतात कधी आले नाहीत. इथल्या झाडांसाठी त्यांना १६७८ ते १६९३ या काळात प्रसिद्ध झालेल्या 'हॉर्टस मलबारिकस' या बारा खंडांच्या ग्रंथाचा मोठा आधार होता. त्या ग्रंथाला केरळचे वैद्य इट्टी अच्युतन तसेच रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या कोकणी विद्वानांनी माहिती पुरवली होती.

लिनीअस यांच्याकडून चुकाही झाल्या. तगर त्यांनी कण्हेरीच्याच प्रजातीत घातली. पुढे ती वेगळी काढण्यात आली. १० जानेवारी १७७८ रोजी उप्साला येथे त्यांचे निधन झाले.

कण्हेर लावताना

बिट्टीला लिनीअस यांनी कण्हेरीपासून वेगळे ठेवले. तिचे आजचे नाव कॅस्कॅबेला थेवेशिया. मात्र दोन्ही झुडपे करवीर कुळातीलच आहेत आणि दोघींचे विष हृदयावर परिणाम करते. म्हणून लाल कण्हेर टाळून गोठ्याजवळ बिट्टी लावल्याने धोका टळत नाही.

- लागवड गोठा, चराऊ जागा आणि जनावरांच्या पाण्यापासून दूर, भरपूर उन्हात व निचऱ्याच्या जमिनीत करावी.
- पावसाळ्याच्या सुरुवातीस १५ ते २० सें.मी. लांबीची, निरोगी फांदीची छाट कलमे लावावीत.
- बहर ओसरल्यावर हलकी छाटणी करावी. चीक डोळ्यांत किंवा जखमेत जाऊ नये म्हणून हातमोजे वापरावेत.
- छाटलेल्या फांद्या बांधावर टाकू नयेत, जाळू नयेत. वाळलेली पानेही विषारीच राहतात. ती चाऱ्यात मिसळणार नाहीत याची काळजी घ्यावी. फांद्या खोल पुरणे सोयीचे.
- जनावराने पाने खाल्ल्याची शंका आल्यास घरगुती उपाय न करता तातडीने पशुवैद्यकाला बोलवावे आणि खाल्लेल्या झाडाची फांदी दाखवावी.

रोपवाटिकेतून झुडूप घेताना पाटीवरचे शास्त्रीय नाव वाचण्याची सवय लावावी. कुरणात गुरे कशाने मरतात हे लिनीअस यांना सांगता आले, कारण त्यांना ती वनस्पती ओळखता आली. आपल्या अंगणातल्या झुडपांनाही हेच लागू आहे.