दोन बोटांचे स्वातंत्र्य

घरातली एखादी व्यक्ती अपंग असली, की आपल्याकडे सारे घर तिच्याभोवती गोळा होते. तिला आंघोळ घालणे, भरवणे, औषधपाणी पाहणे यात आईचा दिवस कधी मावळतो ते कळत नाही. मायेत कुठे उणे नसते. पण आज भाजी कोणती करायची, सदरा कोणता घालायचा, बाहेर कधी पडायचे, हे मात्र त्या व्यक्तीला सहसा कोणी विचारत नाही. इतरांनी ठरवायचे आणि तिने मुकाट्याने घ्यायचे, अशी रीतच पडून जाते. आणि रात्री अंथरुणाला पाठ टेकली, की आई-वडिलांच्या मनात एकच प्रश्न उभा राहतो. आपल्यामागे याचे कसे होणार?

या प्रश्नाचे एक उत्तर अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यातील एका माणसाने स्वतःच्या आयुष्यातून दिले. एड रॉबर्ट्स त्यांचे नाव. मानेखालच्या शरीरात एका हाताची दोन बोटे आणि पायाची काही बोटे, एवढेच त्यांना हलवता येत असे. अपंगांच्या स्वतंत्र जीवनाच्या चळवळीचे जनक म्हणून जग आज त्यांना ओळखते.

एडचा जन्म २३ जानेवारी १९३९ रोजी झाला. चार भावांत तो थोरला, आणि खेळात रमणारा. १९५३ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, त्याला पोलिओ झाला. साल्क यांची लस सर्वांना मिळू लागायला अजून दोन वर्षे होती. जीव वाचला, पण श्वास घेण्याचीही ताकद उरली नाही. त्याला ‘लोखंडी फुप्फुसा’त ठेवण्यात आले. हे म्हणजे एक भले मोठे नळकांडे. डोके तेवढे बाहेर आणि बाकीचे शरीर आत. आतल्या हवेचा दाब कमी-जास्त झाला, की छाती फुलायची आणि बसायची.

हा मुलगा गेला असता तर बरे झाले असते, जगला तरी नुसता पडून राहील, असे डॉक्टरांनी त्याच्या आईला, झोनाला, सांगितले. एडलाही ते पटले होते. त्याने अन्न टाकले. शरीराचा सापळा झाला. त्याने खावे म्हणून परिचारिका सारखी धडपडत होती. अखेर तीही निघून गेली आणि आग्रह करणारे कोणी उरले नाही. त्या दिवशी एड आपणहून जेवला. जगायचे की नाही, हा निर्णय आपल्याच हाती आहे, हे त्या मुलाला तेव्हा उमगले. पुढच्या साऱ्या आयुष्याचे बीज त्या घासात होते.

घरी आल्यावर शाळेच्या तासांना तो टेलिफोनवरून हजर राहू लागला. लोक टक लावून पाहतील या भीतीने तो घराबाहेर पडायला तयार नसे. झोनाने ते चालू दिले नाही. आठवड्यातून एकदा तरी शाळेत जायचे, असा तिने हट्टच धरला. पोराला दारामागे जपून ठेवले असते, तर तिला कोणी नावे ठेवली नसती. तिने दार उघडले. पुढे शारीरिक शिक्षण आणि मोटार चालवणे हे विषय पूर्ण नाहीत म्हणून शाळेने प्रमाणपत्र अडवले, तेव्हा माय-लेकांनी वरपर्यंत दाद मागून ते मिळवले.

कॉलेजची दोन वर्षे झाल्यावर एडने बर्कलीच्या विद्यापीठात जायचे ठरवले. राज्याच्या पुनर्वसन खात्याने पैसे नाकारले. एवढा अपंग माणूस नोकरी ती काय करणार, असा खात्याचा हिशेब होता. प्रकरण वर्तमानपत्रांत गाजले आणि खात्याला नमावे लागले. मग जागेचा प्रश्न आला. सुमारे ३६० किलो वजनाचे लोखंडी फुप्फुस वसतिगृहाच्या खोलीत मावेना. शेवटी विद्यापीठाच्या कॉवेल रुग्णालयात त्याची सोय झाली. हे साल १९६२. त्याच वर्षी जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याने मिसिसिपीच्या विद्यापीठात प्रवेश मिळवला होता.

रुग्णालयात राहूनही एड रुग्ण म्हणून राहिला नाही. मदतनीस त्याने स्वतः निवडले. कधी उठवायचे, काय खायचे, कुठे जायचे, हे तो सांगे आणि ते करत. त्याच्या मागोमाग आणखी अपंग विद्यार्थी आले. पुढे खात्याच्या एका अधिकाऱ्याने त्यातल्या दोघांना काढून टाकायचा घाट घातला, तेव्हा हे सारे एक झाले आणि तो बेत हाणून पाडला.

याच काळातली एक गोष्ट रॉबर्ट्स पुढे आवडीने सांगत. विजेवर चालणारी खुर्ची त्यांना जमणार नाही, असे आधी ठरवले गेले होते, कारण त्यांच्या बोटांना फक्त मागे ओढता येई, पुढे ढकलता येत नसे. मग ते प्रेमात पडले. खुर्ची ढकलायला तिसरा माणूस सतत बरोबर असणे अवघड होऊ लागले. त्यांनी खुर्चीची दांडी उलटी बसवून घेतली आणि दोन बोटांनी ती चालवायला शिकले.

१९७० साली विद्यापीठात अपंग विद्यार्थ्यांसाठी कार्यक्रम सुरू झाला. मदतनीस मिळवून देणे, खुर्च्या दुरुस्त करणे, राहायला योग्य घर शोधणे, ही त्याची कामे. पुढे झोनानेही तिथे काम केले. गावातल्या इतर अपंगांनाही हे मिळावे म्हणून १९७२ साली बर्कलीत स्वतंत्र जीवन केंद्र उभे राहिले. तिथला कारभार अपंगांच्याच हाती होता. स्वातंत्र्य म्हणजे सारे आपल्या हाताने करणे नव्हे, तर हात दुसऱ्याचे असले तरी निर्णय आपला असणे, ही त्यांची धारणा होती. अशी केंद्रे पुढे अमेरिकेत ठिकठिकाणी आणि इतर देशांतही निघाली.

१९७५ साली राज्यपाल झालेल्या जेरी ब्राउन यांनी रॉबर्ट्स यांना राज्याच्या पुनर्वसन खात्याचे संचालक नेमले. ज्या खात्याने त्यांना नोकरीच्या लायकीचे मानले नव्हते, त्याच खात्याचे ते प्रमुख झाले! १९७७ साली अपंगांच्या हक्कांच्या नियमांसाठी सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी इमारतीत आंदोलकांनी तीन आठवड्यांहून अधिक काळ ठाण मांडले, तेव्हा सरकारी पदावर असूनही ते त्यांच्या बाजूने बोलले. त्यांनी लग्न केले, ते एका मुलाचे बाप झाले. १४ मार्च १९९५ रोजी, छप्पन्नाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांची खुर्ची आता वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

अपंगांच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार भारताने २००७ साली मान्य केला. समाजात राहण्याचा हक्क आपल्या २०१६च्या कायद्यातही आहे आणि त्यासाठी लागणाऱ्या मदतनिसाचाही त्यात उल्लेख आहे. पण कायद्यातून घरापर्यंतची वाट लांबची आहे. फुटपाथच्या कडा, बसची पायरी, मदतनिसाचा पगार, हे सारे त्या वाटेवर आडवे येते. त्यासाठी भांडावे लागेल, आणि झोनासारखे आई-वडीलच त्यात पुढे असतील.

आपल्यामागे याचे कसे होणार, या प्रश्नाची तयारी मात्र आपण हयात असतानाच आणि आपल्याच स्वयंपाकघरात सुरू करता येते. जो कधी काही ठरवायलाच शिकला नाही, त्याला उद्या मदतनीस मिळाला तरी तो काय सांगणार? तेव्हा आज संध्याकाळी भाजी कोणती करायची, हे त्याला विचारावे. उत्तर यायला वेळ लागेल. आपण थांबावे. आणि त्याने कारले सांगितले, तर कारलेच करावे.