सोळा विमाने, एक माणूस

तोक्योतल्या गेशा त्याला थट्टेने 'ऐंशी सेन' म्हणत. हाताच्या दहा नखांची निगा राखण्याचा दर एक येन, म्हणजे शंभर सेन. या गृहस्थाच्या डाव्या हाताची दोन बोटे नव्हती, म्हणून त्याच्याकडून ऐंशीच घ्यायचे! ही बोटे गेली १९०५ साली, त्सुशिमाच्या आरमारी लढाईत. तेव्हा तो 'निशिन' या क्रूझरवर होता आणि वय होते अवघे एकवीस. उरलेल्या आठ बोटांनी त्याने पुढे आयुष्यभर पत्ते पिसले. पोकर, ब्रिज, शोगी म्हणजे जपानी बुद्धिबळ, जो डाव समोर येईल तो खेळायचा आणि पैसे लावून खेळायचा.

अ‍ॅडमिरल इसोरोकू यामामोतो हे नाव आपल्याकडे पर्ल हार्बरबरोबर येते आणि बहुधा तिथेच संपते. मला मात्र त्याच्या पराक्रमापेक्षा त्याचे मरण अधिक विचारात पाडते. १८ एप्रिल १९४३ रोजी अमेरिकेने त्याला मारले. लढाईच्या धुमश्चक्रीत सापडून तो मेला नाही. त्याचे नाव, त्याची वेळ आणि त्याची जागा आधी कागदावर मांडून, विचारविनिमय करून मारले. शत्रुराष्ट्रातल्या एका माणसाला असे हेरून मारणे हे युद्ध की खून? आज क्षेपणास्त्रे आणि ड्रोन यांच्या काळात हा प्रश्न पुन्हा पुन्हा उठतो आणि दर वेळी कुणीतरी यामामोतोचा दाखला काढतो. म्हणून हा दाखला एकदा नीट उलगडून पाहावा असे वाटले.

त्याचा जन्म ४ एप्रिल १८८४ रोजी नागाओका या गावी, ताकानो नावाच्या सामुराई घराण्यात झाला. त्या वेळी वडिलांचे वय छप्पन्न होते आणि 'इसोरोकू' या शब्दाचा अर्थच मुळी छप्पन्न! बापाचे वय हेच मुलाचे नाव. १८६८ च्या यादवीत नागाओका हरलेल्या बाजूला होते, त्यामुळे घरात सामुराईपणाचा अभिमान होता आणि पैशांची चणचण. १९१६ मध्ये यामामोतो घराण्याने त्याला दत्तक घेतले, तेव्हापासून तो यामामोतो झाला. नौदल अकादमी, त्सुशिमा, मग बढतीच्या पायऱ्या. हा भाग कुठल्याही कर्तबगार अधिकाऱ्यासारखाच आहे.

त्याला वेगळे केले ते अमेरिकेने. १९१९ ते १९२१ तो हार्वर्डमध्ये शिकला आणि १९२६ ते १९२८ वॉशिंग्टनच्या जपानी वकिलातीत नौदल प्रतिनिधी होता. मोटारींचे कारखाने आणि तेलाच्या विहिरी त्याने डोळ्यांनी पाहिल्या. ज्या देशाकडे एवढे पोलाद आणि एवढे तेल आहे, त्याच्याशी लांबलचक युद्ध मांडणे म्हणजे आत्मघात, हे तिथे त्याच्या मनात ठसले ते कायमचे.

आणि हेच मत जपानमध्ये जिवावर बेतणारे होते. १९३० नंतरच्या जपानात राजकीय खून हा जणू राज्यकारभाराचाच एक भाग झाला होता. १९३२ च्या मे महिन्यात नौदलाच्या तरुण अधिकाऱ्यांनी पंतप्रधान इनुकाई यांना त्यांच्या निवासस्थानात शिरून गोळ्या घातल्या. २६ फेब्रुवारी १९३६ च्या बंडात अर्थमंत्री ताकाहाशी मारले गेले. अशा दिवसांत यामामोतो नौदलाचा उपमंत्री झाला. डिसेंबर १९३७ मध्ये चीनमध्ये जपानी विमानांनी 'पनाय' ही अमेरिकी गनबोट बुडवली, तेव्हा त्याने अमेरिकेच्या राजदूताची माफी मागितली. जर्मनी आणि इटलीशी लष्करी करार करायला तर त्याचा कडाडून विरोध होता. झाले! धमक्यांची पत्रे येऊ लागली. देशद्रोही म्हणून त्याच्या नावाने शंख होऊ लागला. आपण मारले जाऊ हे गृहीत धरून त्याने एक निवेदनही लिहून ठेवले.

ऑगस्ट १९३९ मध्ये त्याला संयुक्त आरमाराचा सरसेनापती करून समुद्रावर पाठवण्यात आले. नौदलमंत्री योनाई यांच्या मनात त्याचा जीव वाचवण्याचाही हेतू होता, असे बहुतेक चरित्रकार मानतात. तोक्योच्या रस्त्यावर जो कुणाच्याही गोळीला बळी पडला असता, तो युद्धनौकेवर सुरक्षित राहील! स्वकीयांच्या मारेकऱ्यांपासून वाचवण्यासाठी ज्या हुद्द्यावर नेमले, त्याच हुद्द्यापायी पुढे परकीयांनी त्याला टिपले.

पुढचा इतिहास परिचित आहे. युद्ध टळत नाही असे दिसल्यावर याच माणसाने पर्ल हार्बरची योजना आखली आणि राजीनाम्याच्या धमकीवर ती मंजूर करून घेतली. जुगाऱ्याने सगळे पैसे एकाच पानावर लावावेत तसे. ७ डिसेंबर १९४१ रोजी हवाईत २,४०३ अमेरिकी माणसे मेली. वाटाघाटी संपल्याचा खलिता हल्ल्याआधी पोचावा असा त्याचा आग्रह होता, पण वॉशिंग्टनमधल्या वकिलातीत तो टंकलिखित होईपर्यंत बॉम्ब पडून गेले होते. अमेरिकेच्या दृष्टीने तो दगाबाजांचा म्होरक्या ठरला.

त्यात एका पत्राने तेल ओतले. जानेवारी १९४१ मध्ये त्याने एका कडव्या राष्ट्रवादी परिचिताला लिहिले होते की, अमेरिकेला हरवायचे तर नुसती बेटे घेऊन भागणार नाही, थेट वॉशिंग्टनपर्यंत जाऊन व्हाइट हाउसमध्ये तह करावा लागेल. आपल्या पुढाऱ्यांची तेवढी तयारी आहे का? हा सरळसरळ टोमणा होता. जपानी प्रचारखात्याने शेवटचा प्रश्न कापून उरलेले छापले आणि टोमण्याची वल्गना झाली. अमेरिकी जनतेने ती खरी मानली. एका कात्रीने माणसाची प्रतिमा कशी फिरते, याचे याहून चांगले उदाहरण माझ्या वाचनात नाही.

त्याच्या हुकमतीतल्या आरमाराची झळ आपल्यालाही लागली होती. एप्रिल १९४२ मध्ये कोलंबोवर हल्ला झाला आणि ६ एप्रिलला विशाखापट्टणम व काकीनाडा येथे बॉम्ब पडले. जूनमध्ये मात्र मिडवेच्या लढाईत जपानच्या चार विमानवाहू नौका बुडाल्या आणि फासे उलटे पडू लागले. मिडवेला अमेरिकेची सरशी झाली त्यामागे जपानी सांकेतिक लिपी फोडणाऱ्यांचा मोठा हात होता.

त्याच लोकांच्या हाती १३ एप्रिल १९४३ चा एक संदेश लागला. सरसेनापती १८ तारखेला राबाउलहून निघून बूगनव्हिल बेटाजवळच्या ठाण्यांना भेट देणार. किती वाजता निघणार, किती वाजता उतरणार, सोबत लढाऊ विमाने किती (सहा), सगळे त्यात होते. यामामोतो वेळेचा पक्का, हे अमेरिकी हेरखात्याला ठाऊक होते. आघाडीच्या इतक्या जवळ जाऊ नये, असे त्याच्या सहकाऱ्यांनी सांगून पाहिले. पण पराभवाने खचलेल्या सैनिकांना भेटायचे त्याने ठरवले होते.

अ‍ॅडमिरल निमिट्झ यांनी आपला हेरप्रमुख लेटन याला विचारलेला प्रश्न मला या साऱ्या प्रकरणाचा गाभा वाटतो. हा गेला तर याच्या जागी याहून सरस कुणी येईल का? लेटन तोक्योत राहिलेला, यामामोतोला प्रत्यक्ष भेटलेला. त्याने सांगितले, याच्या तोडीचा दुसरा नाही. ओळखीच्या माणसाची थोरवी हेच त्याला मारण्याचे कारण ठरले! राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचा लेखी हुकूम मात्र कुठल्याही दप्तरात सापडलेला नाही.

१८ एप्रिल, रविवार. ग्वाडलकॅनालहून मेजर जॉन मिशेलच्या नेतृत्वाखाली अठरा लाइटनिंग विमाने निघाली. एकाचे चाक फुटले, एकाच्या इंधनाने दगा दिला, राहिली सोळा. सरळ अंतर सुमारे ४०० मैल, पण जपान्यांच्या नजरा चुकवायला वळसा घालून सुमारे ६०० मैल, तेही लाटांना पोट घासेल इतक्या खालून. रेडिओ बंद. मिशेलजवळ होकायंत्र आणि मनगटावरचे घड्याळ. दोन तासांनी, अपेक्षित क्षणाच्या जवळजवळ त्याच मिनिटाला, समोर दोन बॉम्बर आणि सहा झीरो विमाने दिसली. काही मिनिटांत एक बॉम्बर जंगलात कोसळला आणि दुसरा समुद्रात. यामामोतोच्या विमानातले अकराही जण मेले. एक अमेरिकी वैमानिक परतला नाही. दुसऱ्या दिवशी शोधपथकाला तो सापडला, झाडाखाली, आसनासकट बाहेर फेकलेला, हिरव्या गणवेशात, हातात तलवार.

आता कायद्याचे बघू. १९०७ च्या हेग नियमांतले २३ वे कलम शत्रूपक्षाच्या माणसाला विश्वासघाताने मारण्यास मनाई करते, आणि जपान व अमेरिका या दोघांनीही ते मान्य केले होते. युद्ध जाहीर झालेले, मेलेला माणूस गणवेशातला सरसेनापती, विमान लष्करी, जागा रणभूमी, मारणारे उघड खुणा असलेल्या विमानांत. कुठे पाहुणा बनून विष घातले नाही की तहाचा पांढरा बावटा दाखवून गोळी झाडली नाही. द्रोणाचार्यांच्या वधात खोटी बातमी सांगून शस्त्र खाली ठेवायला लावले होते, तसला प्रकार इथे नाही. चोरून पत्र वाचणे हे कपट खरे, पण युद्धाच्या कायद्याला ते चालते. सैनिक झोपलेला असो की पत्र वाचत असो, तो सैनिकच. सेनापती झाला म्हणून त्याला शिपायापेक्षा जास्त अभय नाही, आणि असावे तरी का? इथवर माझ्या मनात शंका नाही.

शंका येते ती मोहिमेच्या नावापाशी. या मोहिमेला 'व्हेंजन्स' म्हणतात, म्हणजे सूड. आडाखे बांधणारा सेनापती म्हणून तो धोकादायक आहे, तेव्हा त्याला मारा, ही झाली युद्धनीती. पर्ल हार्बरचा गुन्हेगार म्हणून मारा, ही झाली शिक्षा. आणि शिक्षा द्यायला आधी खटला लागतो. हे अमेरिकेनेच जगाला लिहून दाखवले होते. १८६३ मध्ये, लिंकनच्या काळात, फ्रान्सिस लीबर यांनी तयार केलेल्या युद्धसंहितेत शत्रूच्या एखाद्या व्यक्तीला बहिष्कृत ठरवून कुणीही विनाखटला मारावे, या प्रथेचा धिक्कार आहे. यामामोतो जगला असता तर १९४६ मध्ये तोक्योच्या न्यायासनापुढे उभा राहिला असता कदाचित. करारांना त्याने केलेला विरोध, कापलेले पत्र, उशिरा पोचलेला खलिता, सारे तिथे मांडले गेले असते. आणि चीनमधल्या शहरांवर पडलेल्या बॉम्बचा हिशेबही विचारला गेला असता, कारण तो संत नव्हता.

एकाच गोळीत युद्धनीती आणि शिक्षा दोन्ही असू शकतात, हीच तर अडचण. १९४३ मध्ये युद्धनीतीची बाजू एवढी भक्कम होती की सुडाचे नाव त्यावर तरंगत राहिले आणि कुणाचे काही बिघडले नाही. पण ३ जानेवारी २०२० रोजी बगदाद विमानतळाबाहेर अमेरिकी ड्रोनने इराणचे सेनानी कासीम सुलेमानी यांना मारले, तेव्हा समर्थकांनी यामामोतोचाच दाखला दिला. तिथे अमेरिका आणि इराण यांच्यात जाहीर युद्ध नव्हते. जमीन तिसऱ्याच देशाची, इराकची. पुढे होऊ घातलेले हल्ले रोखायचे होते हे एक कारण सांगितले गेले आणि मागे केलेल्या कृत्यांची यादीही वाचली गेली. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ आग्नेस कालामार यांनी त्याच वर्षीच्या अहवालात ही हत्या बेकायदा ठरवली. अमेरिकेला ते मान्य नव्हते. सुलेमानींच्या हाताला पुष्कळ रक्त लागले होते हे खरे धरले, तरी यामामोतोच्या दाखल्यातली युद्ध, रणभूमी, गणवेश ही सारी पाने काढून घेतल्यावर हातात उरतो तो फक्त सूड.

आणि त्याची किंमत कुणी मोजली? पाच दिवसांनी इराणने इराकमधल्या अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रे सोडली आणि त्याच पहाटे, गोंधळात, स्वतःच्याच आकाशातले युक्रेनचे प्रवासी विमान पाडले. त्यातली १७६ माणसे गेली. त्यांचे नाव कुठल्याच यादीत नव्हते. १९४२ मध्ये प्रागमध्ये नाझी अधिकारी हायड्रिखवर हल्ला झाला, तेव्हाही जर्मनांनी लिडित्से हे गावच पुसून टाकले होते. हायड्रिखला मारणे चूक होते असे मी म्हणणार नाही. पण लिडित्सेचा हिशेब त्याच वहीत मांडावा लागतो.

यामामोतोच्या मृत्यूची बातमी जपानने २१ मे १९४३ ला जाहीर केली. अमेरिकेने लिपी फोडल्याचे उघड होऊ नये म्हणून युद्ध संपेपर्यंत तोंड मिटून ठेवले. ५ जूनला तोक्योत शासकीय इतमामाने अंत्यसंस्कार झाले. बरोबर नऊ वर्षांपूर्वी, याच तारखेला त्सुशिमाचा विजेता तोगो याचे झाले होते. त्याच्या जागी आलेला कोगा वर्षभरातच विमान अपघातात गेला. युद्ध मात्र आणखी दोन वर्षे चालले आणि १ ऑगस्ट १९४५ च्या रात्री अमेरिकी बॉम्बर विमानांनी नागाओका जाळले. बॉम्बरचे श्रेय कुणाचे, लॅनफिअरचे की बार्बरचे, यावर ते दोन अमेरिकी वैमानिक म्हातारे होईपर्यंत भांडत राहिले.

यामामोतोच्या अस्थींचा एक वाटा तोक्योच्या तामा दफनभूमीत आहे, दुसरा नागाओकाच्या देवळात. त्या गावातल्या त्याच्या स्मारक संग्रहालयात बूगनव्हिलच्या जंगलातून आणलेला विमानाचा पंख ठेवला आहे. उरलेले विमान अजून तिथेच, वेलींत पडले आहे.